मागाहून घेतलेली सही

श्रीधर चांदोरकरला ‘नाही’ म्हणता येत नाही. नेदरलँड्समधल्या रायस्वाइकला आम्ही एकाच इमारतीत राहतो, त्यामुळे हे मी अनुभवाने सांगते. त्याच्या कंपनीत सॉफ्टवेअरमधला कुठलाही बदल त्याच्या सहीशिवाय लोकांपर्यंत जायचा नाही, असा नियम. पण पुण्याची टीम शनिवारी बदल करून मोकळी व्हायची आणि सोमवारी शुक्रवारच्या तारखेची सही मागायची. श्रीधर जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून सही करायचा आणि म्हणायचा, “या वेळी ठीक आहे, पुढच्या वेळी आधी विचारा.” लॉकडाऊनमध्ये घरातूनच काम, त्यामुळे त्याची बारा वर्षांची ईशानी या वाक्याची नक्कल करायला लागली.

लॉकडाऊनच्या दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये इथल्या मराठी मंडळाच्या रविवारच्या झूमवर त्याने जपानच्या सम्राटावर भाषण केलं. इतिहासाचं वेड जुनंच. १९३१ साली कोरियातलं जपानी सैन्य सम्राटाचा हुकूम न घेताच सरहद्द ओलांडून मांचुरियात घुसलं. सम्राट म्हणजे देव, सैन्याचा सर्वोच्च प्रमुख, आणि त्यालाच मागाहून कळवलं. त्याने झालं ते झालं म्हणून मंजुरी दिली आणि पुढे काळजी घ्यायला सांगितलं. सैन्याने ती कधीच घेतली नाही.

ईशानीने मागून विचारलं, “बट बाबा, व्हाय डिड ही अलाऊ इट?”

“भीती असणार,” श्रीधर म्हणाला, “आपण अडवलं तर आपल्यालाच बाजूला करतील याची.” आणि त्याने घाईने आभार मानून टाकले. मला हसूही आलं आणि कीवही आली.

दुसऱ्याच दिवशी सकाळी तळमजल्यावरच्या मेव्राऊ, म्हणजे डचमध्ये बाई, फेरहागन जिन्यापाशी भेटल्या. वय चौऱ्याऐंशी, वर्षभर नातवंडांना जवळ घेतलेलं नाही. लसीच्या केंद्रावरून त्यांना परत पाठवलं होतं. हातात पत्र होतं, पण यादीत नाव नव्हतं. श्रीधर खाली आला, पत्र वाचलं आणि तिथेच पायरीवर बसला. अपॉइंटमेंटच्या तारखा त्याच्याच कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये होत्या. शनिवारच्या बदलात शेकडो म्हाताऱ्यांच्या तारखा पुसल्या गेल्या होत्या.

वर लॅपटॉपवर शुक्रवारच्या तारखेचा फॉर्म वाट बघत होता. पुण्याहून जयेशचा कॉल आला. हा श्रीधरनेच तयार केलेला मुलगा, आता त्याचा डेप्युटी. “सर, फक्त तुमची सही राहिलीय. ऑडिट आहे.”

“मला कुणी विचारलं नव्हतं,” श्रीधर म्हणाला. “मी सही करणार नाही.”

“ओके सर,” जयेश म्हणाला. भांडला नाही, काही नाही. दहा मिनिटांत फॉर्म पुरा होऊन आला. सही जयेशची. डेप्युटीची सही चालेल, ही सोय श्रीधरनेच स्वतःच्या सुट्टीसाठी करून ठेवली होती.

दुपारभर तो मेव्राऊंसाठी हेल्पलाइनवर मोडक्या डचमध्ये बोलत बसला. तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळाली. संध्याकाळी जिन्यात दीड मीटर अंतर ठेवून मला सगळं सांगितलं. चेहरा पार उतरलेला.

“अरे, पण शेवटी नाही म्हणालास ना?” मी म्हटलं.

“मृणालिनी, पहिल्या वेळी म्हणालो असतो तर त्यांनी मला विचारलं असतं. आज त्यांना माझी गरजच नव्हती.”