तरास घरच्यायले हाये

कुणाकडे जेवायला गेलं की फर्माईश होतेच, "डॉक्टरीणबाई, दवाखान्यातला एखादा किस्सा सांगा ना." किस्से ढीगभर आहेत. पण निम्मे बायकांच्या लघवीचे, आणि ते जेवताना सांगायचे नसतात म्हणे. हळदीकुंकवाला नाही, नवऱ्यापाशी नाही, डॉक्टरपाशीसुद्धा नाही! मग सांगायचे कुठे? आज इथे आपल्याच मैत्रिणी आहेत, तर ऐका. स्वातंत्र्यानंतर दहाएक वर्षांनी मी अमरावतीत राजापेठेत दवाखाना थाटला, तेव्हाचे हे.

*

एक शेतकरी बायकोला घेऊन आला. मी तिला विचारायची आणि उत्तर तो द्यायचा. वय त्यानं सांगितलं, बाळंतपणंही त्यानंच सांगितली. शेवटी मी विचारलं, "हिला त्रास काय होतो?"

"हिले काई तरास नाई. तरास घरच्यायले हाये. वास येते."

"मग घरच्यांना आणा, त्यांची नाकं तपासते," मी म्हणाले आणि त्याला बाहेर बसवलं. दार लागल्यावर ती बाई पहिल्यांदा बोलली.

*

एका वकिलांची सून डोकेदुखी घेऊन यायची. डोकं ठणठणीत होतं. एकदा जाता जाता, चपला घालताना हळूच म्हणाली, "खोकला आला की कपडे ओले होतात. म्हणून कुठे जातच नाही."

सोबत सासूबाई होत्या. "बाईच्या जातीला हे चालायचंच," त्यांनी तिथल्या तिथे निकाल दिला.

मी सुनेला तपासलं, खालचे स्नायू आवळायचा व्यायाम शिकवला. ती रिक्षा बघायला बाहेर गेली, तरी सासूबाई काही उठेनात.

"या वयात मलाही शिकवता का?" त्यांनी विचारलं.

*

तोच व्यायाम शिकून गेलेली एक तरुण मुलगी. लघवी मध्येच रोखल्यासारखं आवळायचं, थोडं थांबून सोडायचं, रोज करायचं. बाहेरून कुणाला काही दिसत नाही, हीच त्यातली सोय. पण घरच्यांना सून निवांत बसलेली कुठे बघवते?

सासू म्हणाली, "काय करून राहिली वं तू, बसल्या बसल्या?"

"औषध घेऊन राहिली."

"कुठी हाये औषध?"

"तेच तर कोणाले दिसत नाई."

*

बडनेऱ्याकडच्या एका शाळेतल्या बाई सारख्या जळजळ घेऊन यायच्या. शाळेत बायकांसाठी संडासच नव्हता. सकाळी गेलेली बाई संध्याकाळी घरी येईपर्यंत थांबायची. औषधानं बरं वाटायचं आणि शाळा भरली की पुन्हा तेच. मी चिडून हेडमास्तरांना भेटायला गेले.

"बाईंनी पाणी कमी प्यावं," ते शांतपणे म्हणाले. मग चहा मागवला आणि "आलोच" म्हणून मागच्या अंगणातल्या मोरीत जाऊन आले.

त्यांचा चहा मी उचलून माझ्याकडे ठेवला. मी म्हणाले, "बाईंची सोय होईपर्यंत आपणही कमी प्या."

त्यांनी पत्र्याचा आडोसा करून दिला. वर्गणी मात्र बाईंकडूनच घेतली!

*

आणि ही पातूरकडची सुभद्रा. पहिलटकरीण. कुणी वेळेवर दवाखान्यात नेली नाही. मूल अडून दगावलं आणि मूत्राशयाला भोक पडलं. लघवी रात्रंदिवस गळायची. नवऱ्यानं तिला गोठ्यात झोपवलं, जेवण दुरून वाढलं. शेवटी भाऊ तिला माझ्याकडे घेऊन आला. पहिलं ऑपरेशन उसवलं. दुसऱ्यांदा टाके धरले. लघवीची नळी काढली त्या दिवशी ती पांढऱ्या चादरीवरून हात फिरवत बसली होती. चादर कोरडी होती.

घरी सोडायच्या दिवशी भाऊ आला, आणि कुणीतरी कळवलं म्हणून नवराही आला. त्याच्या काखेत एक पोतं होतं.

"हे काहून आणलं?" सुभद्रानं विचारलं.

"मोटारीत तुह्या बुडाखाली टाकाले. शीट खराब झाली तं लोकं बोलतीन."

मी बोलायला तोंड उघडलं, पण सुभद्रानं पोतं त्याच्या हातातून घेतलं होतं. तिनं ते व्हरांड्यातल्या बाकावर नीट अंथरलं, कोपरे सरळ केले.

"बसा," ती म्हणाली. तो बसला.

मग तिनं आपलं गाठोडं उचललं आणि भावाला म्हणाली, "चाल दादा, मोटार सुटन."