गुडघ्याखालची सोफिया

आमच्या गल्लीत मेतोदीशी बोलायचं तर गुडघे टेकावे लागतात. मग तुम्ही वकील असा की झाडूवाली. त्याचं बूट दुरुस्तीचं दुकान तळघरात आणि खिडकी रस्त्याच्या पातळीला. वाकून बूट आत द्यायचा, वाकूनच परत घ्यायचा. पूर्वी सोफियात अशा खिडक्या पुष्कळ होत्या. बटणं, बिअर, सिगारेटी, सगळं गुडघ्याशी मिळायचं. आमच्या बाजूला आता ही एकच उरलीय. मी त्या खिडकीच्या अगदी वरच्या मजल्यावर राहते. चाळीस वर्षं मेतोदीची हातोडी सुरू झाली की मी चहा टाकते.

मेतोदीनं हे शहर पाहिलंय ते घोट्यापर्यंत. चेहऱ्यावरून तो माणूस ओळखायचा नाही, पण टाच दाखवा, सगळं सांगेल. एकदा मला म्हणाला, "दोनका, तुझी सून आली बरं का परत."

"तुला कुणी सांगितलं?"

"जाताना टाचा आपटत गेली होती. आज हळू आली."

त्याचा जुळा भाऊ हारालांपी दोन गल्ल्या पलीकडे राहतो. रोज सकाळी दोन कॅन घेऊन तो जुन्या स्नानगृहापाशी, जमिनीतून येणाऱ्या ऊन पाण्याच्या नळांवर प्यायचं पाणी भरायला जातो. जातो याच खिडकीसमोरून. आणि बत्तीस वर्षांत दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते.

भांडण जमिनीचं नाही, बाईचंही नाही. आमच्यात चाळीस दिवसांचा मोठा उपास लागायच्या आधीच्या रविवारी धाकट्यानं थोरल्याच्या घरी जायचं, हाताचं चुंबन घ्यायचं, 'माफ कर' म्हणायचं. थोरला म्हणतो, 'देव माफ करो.' मग हलवा खायचा. आई होती तोवर दोघं तिच्याकडेच जात. ती वारली, आणि पुढच्या माफीच्या रविवारी हा इथं हलवा कापून दाराकडे बघत बसला, तो तिथं हलवा कापून दाराकडे बघत बसला. थोरला मीच, असा दोघांचाही हट्ट. सुईण कधीच मेलेली, कागदावर तारीख एकच. दुसऱ्या वर्षी तेच, तिसऱ्या वर्षी तेच. पुढं पुढं हलवा तेवढा बंद झाला.

आता रालित्साचं सांगते. ही पोरगी परदेशी पाहुण्यांना शहर दाखवते, पण देवळं आणि पुतळे नव्हेत. कुणाला माहीत नसलेल्या जागा. माझ्याकडे आली, "आजी, एखादी जागा सांगा ना, जी कुणालाच ठाऊक नाही."

"अगं, मला ठाऊक आहे म्हणजे कुणाला तरी ठाऊक आहेच की!"

तरी सांगितल्या. तुतीच्या झाडाचं मागचं अंगण, पाण्याचे नळ, मेतोदीची खिडकी. तेव्हापासून दर रविवारी पाहुणे खिडकीशी उकिडवे बसू लागले. मेतोदीची छाती फुगली.

यंदा फेब्रुवारीत भावाचे बूट खिडकीसमोरून गेले, तसा मेतोदी मला म्हणाला, "त्याची डावी टाच बाहेरून झिजलीय. पाय ओढतोय."

"मग हाक मार."

"वाकू दे त्याला. सगळी सोफिया वाकते."

नळावर हारालांपी भेटला, त्याला म्हटलं, जरा वाक. "त्याच्यापुढे गुडघे टेकू? मी?" म्हणाला. मग हळूच, "सोमवारी मी वार्नाला चाललो, मुलीकडे. कायमचा."

"आणि हे पाणी?"

"तिथं समुद्र आहे."

"समुद्र पिणार आहेस का मेल्या?"

मेतोदीला हे मीच सांगितलं. त्यानं हातोडी खाली ठेवली. त्या सोमवारचा आदला दिवस नेमका तोच माफी मागायचा रविवार.

मी हलव्याची ताटली घेऊन खाली उतरले तर रालित्साचे आठ पाहुणे खिडकीशी बसलेले, पदपथ अडलेला. मागून हारालांपी आला आणि अडकला. सगळे बसलेले, हा एकटा उभा. आतून मेतोदीला दिसले असतील सोळा गुडघे आणि दोन ओळखीचे बूट. डाव्याचा सोल सुटून जबड्यासारखा उघडला होता.

गुडघ्यांमधून एक हात बाहेर आला आणि त्यानं हारालांपीचा घोटा धरला.

"दादा, बूट काढ."

हारालांपीच्या हातातला कॅन पडला. पाणी वाफाळत रस्त्यावर पसरलं.

"दादा कुणाला म्हणतोस?"

"तुलाच. पाय भिजेल, काढ म्हणतो ना!"

हारालांपी म्हणाला, "दादा तू आहेस, मेतोदी. आईनं जाताना मला सांगितलं होतं. तू अर्धा तास आधी आलास."

आत स्टूल सरकलं. मग, "बत्तीस वर्षं गप्प बसलास?"

"तू विचारलंस कुठं?"

हारालांपी वाकू लागला, पण गुडघा ऐकेना. "थांब, गाढवा," खिडकी म्हणाली. शेजारचं बुटकं दार उघडलं आणि मेतोदी पायऱ्या चढून वर आला. दोघांना शेजारी पाहून मलाच कसंतरी झालं. नाक तेच, कान तेच, पोक तेच. हारालांपीनं बूट काढला आणि एका पायावर करकोच्यासारखं उभं राहून त्याच्या गोंदानं चिकट झालेल्या हाताचं चुंबन घेतलं.

"माफ कर, दादा."

"देव माफ करो. आणि या टाचेची काय दशा केलीस रे?"

एका पाहुण्या बाईनं रालित्साला विचारलं, हे दर रविवारी असतं का? पोरगी माझ्याकडे बघायला लागली.

"सांग तिला," मी म्हटलं, "बत्तीस वर्षांतून एकदा."

हारालांपी सोमवारी गेला नाही. मंगळवारी नाही, बुधवारीही नाही. मेतोदीच्या सपाता घालून तळघरात बसून होता. मी विचारलं तर मेतोदी म्हणाला, "गोंद सुकला नाही अजून."

त्याचा गोंद तासाभरात सुकतो. चाळीस वर्षं मी त्याच्या डोक्यावर राहते, मला माहीत नाही होय!