वासरानं चाटलेला स्टेथोस्कोप

ऑफिसातून जर्सी सिटीतल्या खोलीवर आलो तेव्हा आन्सरिंग मशीनचा लाल दिवा लुकलुकत होता. काकूंचा आवाज, नेहमीसारखाच शांत : "अरे, डॉक्टर गेले दुपारी. ये. पण जेवून ये, इथे आज काही केलेलं नाही." त्या घरातून 'जेवून ये' असा निरोप येईल असं कधी वाटलं नव्हतं. कोटही न काढता मी तो तीनदा ऐकला. बाहेर बर्फ पडत होता, इतका सावकाश, की खाली यायचं की नाही हे त्याचं अजून ठरलंच नसावं...

त्याला आता दीड महिना झाला. डॉक्टरकाका माझे नात्यातले कोणी नव्हते. आम्ही कॉम्प्युटरवाले थव्यानं इकडे उतरलो, त्याच्या कितीतरी आधीपासून वेस्ट विंडसरला त्यांचा दवाखाना होता. "तेव्हा या गावात शाकाहारी दोघंच. मी आणि पोलिसांचा घोडा," असं ते सांगत. मूळ कोल्हापूरचे, रविवारी मटण शिजणाऱ्या घरातले. "धर्माबिर्माचा संबंध नाही रे. इथे आल्यावर एका शेतकरी पेशंटकडे गेलो होतो. गोठ्यातल्या वासरानं माझा स्टेथोस्कोप चाटला. मी आपला गंमत म्हणून तो त्याच्या छातीला लावला... विषय संपला." त्यानंतर पंचवीस वर्षं मांसाचा एक कण पोटात गेला नाही. 'एक कण' म्हणताना ते चिमूट दाखवत आणि चेहरा लहान मुलासारखा उजळे.

दवाखान्यात पोरांसाठी लॉलीपॉपऐवजी कोवळ्या भेंड्यांची परडी. गुडघेदुखीवाले गोरे पेशंट औषधाच्या कागदावर मुगाच्या खिचडीची कृती घेऊन बाहेर पडत. त्या कागदावर 'रीफिल'चा एक चौकोन असतो, म्हणजे औषध पुन्हा किती वेळा घ्यायचं. त्यात काका ठसठशीत लिहीत : आयुष्यभर. मी पहिल्यांदा पित्ताची तक्रार घेऊन गेलो, तेव्हा मिळालेला कागद न वाचताच फार्मसीत दिला. तिथल्या बाईंनी तो उलटसुलट करून विचारलं, हे नवीन औषध का? कागदावर इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं : 'दुधी. आठवड्यातून तीनदा.' मी मान खाली घालून तो परत घेतला.

महिन्यातून एका रविवारी त्यांच्याकडे पंगत असे. प्रत्येकानं एक पदार्थ न्यायचा. गळ्यात दोरीनं बांधलेलं भिंग घेऊन काका दारातच उभे. कुठलंही विकतचं पाकीट वापरलेलं असेल तर रिकामं पाकीट सोबत आणायचं, असा नियम. त्यावरची बारीक अक्षरं ते भिंगातून वाचत आणि मगच पातेलं आत जाई. मी आंब्याचं पुडिंग नेलं. डब्यातला आमरस, क्रीम आणि ते घट्ट व्हावं म्हणून एक पुडी. पाकीट अर्थात विसरलो. "राहू दे," काका म्हणाले, "तू रत्नागिरीचा. आंब्याच्या बाबतीत तुला काय तपासायचं?" आणि खिडकीतल्या उन्हात बसून, डोळे मिटून, त्यांनी तीन वाट्या खाल्लं.

खोलीवर आल्यावर माझ्या नागपूरच्या रूममेटनं कचऱ्यातली पुडी उचलून वाचली. "अबे, हे जिलेटिन आहे. हाडांचं असतं यार!" मी पुडी हिसकावून स्वतः वाचली. पंचवीस वर्षांत एक कण नाही, आणि मी तीन वाट्या खाऊ घातल्या.

दुसऱ्याच दिवशी सांगायला हवं होतं. मी थापा मारल्या. काका दर पंगतीला विचारत, "पुडिंग कुठाय?" मी कधी म्हणायचो, आमरस संपला. एकदा म्हणालो, ओव्हन बिघडलाय. काकूंनी चष्म्यावरून पाहिलं. "पुडिंगला ओव्हन?" अशी चार वर्षं काढली. त्यांच्या दुधीनं पित्त गेलं होतं, ते या थापांनी परत आलं.

शेवटचा भेटलो तेव्हा ते पलंगावर पडून होते. खिडकीवर मेथीची कुंडी, तिच्या सावल्या पांघरुणावर हलत होत्या. डोळे मिटलेले. झोपलेत हे पाहूनच माझी जीभ सुटली, हे कबूल करतो. पुडी, हाडं, ओव्हन... सगळं सांगितलं. "काका, तुमचं व्रत मी मोडलं." श्वास तसाच चालू राहिला. काकू चहा घेऊन आल्या आणि मी भ्याडासारखा हवापाण्यावर बोलू लागलो.

अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशी पोस्टानं पाकीट आलं. आत दवाखान्याचा कागद, अक्षर थरथरतं. 'जिलेटिन बंद. त्याऐवजी चायना ग्रास (समुद्री शेवाळाचं असतं), दोन चमचे, पाण्यात उकळून. पुन्हा करून आण.' मी काकूंना फोन केला. "तू गेल्यावर उठून बसले," त्या म्हणाल्या. "मग हसले आणि म्हणाले, वासराला काय सांगू आता? नंतर कागद मागितला."

पहिलं पुडिंग जमलंच नाही, नुसतं वाहत होतं. दुसरं विटेसारखं झालं. तिसरं मागच्या रविवारी काकूंकडे नेलं, सोबत रिकामं पाकीट. दाराशी भिंग खुंटीला टांगलेलं होतं. काकूंनी ते काढून माझ्या हातात दिलं. मी स्वतःच अक्षरन् अक्षर वाचलं, मग आत गेलो. खिडकीतल्या खुर्चीवर ऊन होतं. तिथे एक वाटी ठेवली...

कागद माझ्या फ्रिजवर लावलाय. रीफिलच्या चौकोनात त्यांनी नेहमीचंच लिहिलंय : आयुष्यभर. कोणाच्या, ते लिहिलेलं नाही.