मूगवड्यांवर टांगलेली डिस्क

कोरी डिस्क निवडण्यात माझा हात धरणारा माणूस नागपुरात अजून जन्मायचा आहे. हे मी कुठेही सांगतो, फक्त आई शेजारी बसलेली असली तर सांगत नाही.

झालं असं, की बाबांचा आवाज घरात एकाच ठिकाणी उरला होता, बहिणीच्या लग्नाच्या छोट्या कॅमेरा-कॅसेटमध्ये. बाबा जाऊन दोन वर्षं होत आली होती आणि कॅसेटला बुरशी धरत होती. मी म्हटलं, मोबाइलमध्ये टाकून देतो. आई म्हणाली, मोबाइल तुझा, तो तुझ्याच खिशात राहील, मला माझ्या डीव्हीडीवर पाहिजे. तिच्या खोलीतल्या म्हाताऱ्या प्लेअरची दोन बटणं तिला येतात, आणि तेवढ्या दोन बटणांवर ती दिल्लीसुद्धा चालवेल. श्राद्धाच्या दिवशी सगळ्यांसमोर बाबा बोलले पाहिजेत, एवढंच तिचं मागणं.

आजकाल कोरी डिस्क कोण विकतो? कळमेश्वरपासून बुटीबोरीपर्यंत मी सगळी दुकानं पालथी घातली. दुकानदार असे पाहायचे, जणू मी हत्तीचा खरारा मागून राहिलो. शेवटी जरीपटक्यात एका म्हाताऱ्याच्या माळ्यावर माल निघाला. त्याने फुंकर मारली आणि अर्धा बाजार शिंकला. त्याने दोन प्रकार पुढे ठेवले. एक पन्नास डिस्कची चळत, जांभळी, डोळे दिपवणारी. दुसरी वेगळ्या डबीत एकटीच, फिकट, मळक्या चांदीसारखी. माझा हात अर्थातच चमकेकडे गेला.

"चमक मत देखो भाऊ," तो म्हणाला. "ये पचास सीखने के लिए, ये एक रखने के लिए."

मग त्याने मला अर्धा तास शिकवलं. कमी वेगाने भर, उन्हापासून जप, आणि वरून बॉलपेनने नाव टाकू नको, खरवडलं की आतला माल गेला. डिस्कवर लिहायचं पेन वेगळं असतं, ते त्याच्याकडे नव्हतं. मी दोन्ही घेऊन आलो.

घरी कॅमेऱ्यातून कॅसेट संगणकात उतरवली आणि सत्तावीस जांभळ्या डिस्क नासवल्या. एकीत तर नवरदेव मंडपाच्या दारापर्यंत आला आणि तिथेच वीज गेली, म्हणजे लग्न मोडलंच. मग ती फिकट घेतली. अख्खी भरली. सुरुवात लावून पाहिली, तर बाबा मंडपवाल्यावर खेकसत होते. पुढचं आईसोबत पाहू म्हणून बंद केलं. संगणकात जागा नव्हती, तिथली फाइल पुसली. कॅसेट काढायला गेलो, तर तिची फीत कॅमेऱ्याच्या दातांत अडकून शेवयांसारखी बाहेर आली.

आता जगात बाबांचा आवाज त्या एका डिस्कमध्ये. तिची डबी त्याच दिवशी माझ्या टाचेखाली गेली. नाव तर टाकलंच नव्हतं. मी ती नासलेल्या चळतीत मधोमध दडवली. चोर आला तरी नासक्या डिस्क कशाला नेईल, हे माझं डोकं.

चोर नाही आला. आई आली.

"ह्या बिघडलेल्या घेऊ काय गा?"

मी मोबाइलमध्ये मान घालून म्हणालो, "ने ना, सारं भंगारच हाय."

श्राद्धाला गच्चीवर पान ठेवलं. कावळा शिवल्याशिवाय कोणी जेवायचं नाही. एक वाजला, दोन वाजले. समोरच्या टाकीवर गावभरचे कावळे रांगेत बसलेले, पण आमच्याकडे एक उतरेना. काकांनी हात जोडून बाबांची नेलेली शिडी परत करायचं कबूल केलं. मी तंबाखू सोडली. याआधी तीनदा सोडलेली आहे. आत्या आईला म्हणाली, "माह्या भावाचा जीव कशात तरी अडकून राहिला वं वहिनी."

तेवढ्यात माझ्या डोळ्यांवर तिरीप आली. मान वर केली. मूगवड्या-कुरड्यांच्या वाळवणावर या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी, आणि दोरीला अठ्ठावीस डिस्क गरगरत होत्या. कावळ्यांनी वड्या खाऊ नयेत म्हणून आईने आठ दिवसांपासून टांगलेल्या. बिचारा कावळा उतरणार कसा? आता अक्कल दाखवायची संधी म्हणून मी ऐटीत एकेक सोडवू लागलो. मधल्या एकीवर हात थांबला.

ती जांभळी नव्हती.

भर मे महिन्यात, डांबर पातळ करणाऱ्या त्या उन्हात मला थंडी वाजली. मी दोरीसकट सरळ कुरड्यांवर बसलो. आई जवळ आली.

"काय झालं गा?"

"यात बाबा हायेत," मी म्हणालो.

तिने दोरीची गाठ सोडली. डिस्क पदरात गुंडाळून खाली गेली आणि प्लेअरमध्ये घातली. मागोमाग सगळे. पडद्यावर नुसते चौकोन. मंडपवाल्यावरचं खेकसणं गेलं, कन्यादान गेलं. आईचं बोट पुढे नेणाऱ्या बटणावरच. मग अचानक पंगत आली. बाबा बुंदीची बादली घेऊन उभे, कॅमेऱ्याकडे पाठ. बाजूला कोणाला तरी हळूच म्हणाले,

"तू जेवली काय वं?"

पडद्याबाहेरून आईचा आवाज आला. "हो जी, केव्हाच."

चित्र तिथेच थिजलं.

मी आ वासून पाहत राहिलो. बाबांना हळू आवाज असतो हेच मला ठाऊक नव्हतं. ते कानात बोलले तरी वर्ध्याला ऐकू जायचं. आणि आईला जेवलीस का विचारणारे बाबा तर मी जन्मात पाहिले नव्हते.

"खोटं बोलली होती मी," आई पडद्याकडे पाहत म्हणाली. "सकाळपासून उपाशी होती. त्याईले माहीत होतं. मंग स्वतः पान वाढून आणलं त्याईनं."

वर एकदम कावकाव उठली. आम्ही जिन्यात धावलो. दोरी उतरली होती. पानाकडे ढुंकूनही न पाहता कावळे मूगवड्यांवर तुटून पडले होते. हे शिवणं धरायचं की नाही, काकांना पेच पडला.

"चालते," आत्या म्हणाली. "घरचंच हाय."

खाली येऊन तिने पहिलं ताट आईपुढे ठेवलं. आई तिथेच, थिजलेल्या पडद्यासमोर, जेवायला बसली. डिस्क काढून सांभाळून ठेवावी म्हणून मी प्लेअरकडे हात नेला.

"राहू दे," ती घास न थांबवता म्हणाली. "तू तर हातच नको लावू."