सड्यावरच्या इस्पितळातली जागा

मुंबईत ऑक्युपेशनल थेरपी शिकून मालवणला परतले, तेव्हा हे नेमकं काय असतं ते सांगता सांगता मी थकून जायची. आजाराने किंवा अपघाताने निकामी झालेले हातपाय पुन्हा रोजच्या कामाला लावायचे, एवढं सांगितलं की समोरची बाई म्हणायची, "म्हंजे मालीश?" आमच्या बाजूच्या दवाखान्यांना नर्स हव्या होत्या. मी कुणालाच नको होते.

तेवढ्यात बाबांनी वर्तमानपत्रातली जाहिरात दाखवली. आतल्या तालुक्यात, सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या उघड्या कातळावर, एका ट्रस्टचं महारोग्यांचं इस्पितळ होतं. त्यांना अगदी माझंच शिक्षण झालेलं माणूस हवं होतं. बाबा शाळामास्तर, घरातही हळू बोलणारे. "अर्ज कर," एवढंच म्हणाले.

आईला कळलं ते मुलाखतीचं बोलावणं आल्यावर. "घरात तुझ्या धाकट्या भयणीचां लगीन ठरता आसा, आणि तू महारोग्यांचे हात धरूक जातलंस? तुका दुसरी नोकरी गावना नाय?"

"शिकाक मियाच धाडलंय तेका," बाबा माझ्याकडे बघत आईला म्हणाले. "आता घरात बसान काय करतला तां?"

धाकटी बहीण दारात उभी होती. तिला पाहून गेलेल्या मंडळींचा होकार आला होता, बैठक तेवढी राहिली होती.

मुलाखतीला बाबा बरोबर आले, पण फाटकाबाहेरच थांबले. आत म्हातारे डॉक्टर आणि ट्रस्टचे एक गृहस्थ. माझ्या प्रमाणपत्राकडे न बघताच गृहस्थांनी विचारलं, "घरच्यांची संमती आहे ना? मागच्या बाईंना त्यांचे वडील आठवड्यातच परत घेऊन गेले."

"माझे वडील बाहेर उभे आहेत," मी म्हटलं. आईचं काही सांगितलं नाही.

डॉक्टर मला बायकांच्या वॉर्डात घेऊन गेले. खाटेवर आईच्या वयाची एक शेतकरीण बसली होती. बोटं आत वळलेली, तळव्यावर भाजल्याचे जुने-नवे डाग. आजार आटोक्यात आला होता, लवकरच तिला घरी सोडणार होते.

"यांना चूल सांभाळायची आहे," डॉक्टर म्हणाले. "काय कराल?"

मी तिचे हात हातात घेतले. पुस्तकात सगळं वाचलेलं, संसर्ग असा होत नाही हे पाठ. तरी माझी बोटं थरथरली. तिला ते जाणवलं नसणार, पण दिसलं.

"भियां नको गो," ती म्हणाली. "ह्या हातांका काय एक कळना नाय."

कानकोंडी होऊन मी घाईघाईने बोलू लागले. चिमटा लांब हवा, त्याची मूठ जाड, कापडाने गुंडाळलेली. हाताला चटका कळत नाही म्हणून काम झाल्यावर रोज तळवे डोळ्यांनी तपासायचे. पीठ मळताना परात सरकू नये म्हणून ती खाली अडकवून ठेवायची. डॉक्टर मान डोलवत होते. बाईने सगळं ऐकून घेतलं.

"करीन गो बाये भाकरी," ती म्हणाली. "पण ती खातलो कोण?"



नोकरी मिळाली. बातमी गावात आमच्या आधी पोचली असावी, कारण बैठकीचा दिवस धाकटीला पाहून गेलेल्या मंडळींनी पुढे ढकलला, आणि मग त्यांच्याकडून काहीच आलं नाही. निघायच्या सकाळी धाकटीने माझी ट्रंक एस.टी. स्टँडपर्यंत एका बाजूने धरली. गाडी लागल्यावर म्हणाली, "तू जा. पण माका बरां वाटता असां समजां नको."

काही वर्षांनी तिचं लग्न दोडामार्गकडच्या एका बिजवराशी झालं. बाबांनी त्यांना माझ्या नोकरीचं आधीच सगळं सांगितलं होतं. माणूस चांगला निघाला. मी सुट्टीत तिच्याकडे जाते, ती पोटभर जेवू घालते, मुलांना माझ्या मांडीवर बसवते. माझ्या कामाबद्दल मात्र तिने आजवर एक शब्द विचारलेला नाही, आणि आपण होऊन सांगायचा मला धीर होत नाही.