बंद दवाखान्याची कडी

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी वहिनीला पहिलं काय विचारलं असेल? "डॉक्टरांनी नीट तपासलं ना?" वहिनी रडता रडता म्हणाली, "सुमनताई, तुम्ही अगदी त्यांचीच बहीण शोभता हो." खरंच आहे ते. संशय हा आमच्या घराण्याचा वारसा, आणि थोरला म्हणून त्यातला मोठा वाटा माझ्या भावाने उचलला होता. भाजीवाल्याचा काटा, सोनाराची कसोटी, जावयाचा पगार... सगळं तो डोळे बारीक करून बघायचा. माझं लग्न ठरवायला चिखलीला गेलो तेव्हा बाकीचे पोहे खात होते आणि हा भिंतीवर टकटक करत फिरत होता. शेवटी त्याने सासूबाईंचं कॅलेंडर उचलून मागची ओल सगळ्यांना दाखवली. सासूबाई ते कॅलेंडर शेवटपर्यंत विसरल्या नाहीत.

पण त्याचं पोटच त्यावर होतं. जागांची किंमत ठरवायचं काम करायचा तो. शेवटच्या काही वर्षांत महापालिकेला नको झालेल्या जागांचं काम त्याच्याकडे यायचं. बंद पडलेला जकात नाका, मुलं उरली नाहीत अशी शाळा... विकण्याआधी यांची किंमत किती, ते हा सांगायचा. जागा बघायला गेला की कुणी दिलेल्या खुर्चीत बसायचा नाही आणि चहा घ्यायचा नाही. एकदा महापालिकेच्या साहेबांबरोबर जायचा, मग कुणाला न सांगता पुन्हा दोनदा. "सांगण्यावर जाऊ नये, सुमे. बघून यावं," हे त्याचं पालुपद.

त्यातून त्याचा आवाज हळू. लोकांना वाटायचं, हा काहीतरी लपवतोय. मला कारण माहीत होतं. पिंपरीला आम्ही एका खोलीत वाढलो आणि वडिलांना कंपनीत कायम रात्रपाळी. सकाळी येऊन ते झोपायचे आणि आम्ही दिवसभर कुजबुजायचो. जरा कुठे दाराची कडी वाजली की ते दचकून उठून बसायचे, डोळे लाललाल. मग अण्णाने सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून कडीला गुंडाळली, वरून तारेचा पीळ दिला आणि कुणाला टोचू नये म्हणून तारेचं टोक आत दुमडलं. त्यानंतर वडील दुपारपर्यंत झोपू लागले. अण्णाचा आवाज मात्र तेव्हा खाली गेला तो गेलाच.

मग ते दापोडीचं प्रकरण झालं. रेल्वेलगतच्या गल्लीत महापालिकेचा एक बंद दवाखाना होता. कागदावर रिकामा, त्यामुळे विकायला काढलेला. अण्णाने अहवालात लिहिलं की जागा रिकामी नाही, वापरात आहे. रिकाम्या जागेला भाव येतो, माणसं असली की तो पडतो, हे एव्हाना मलाही कळत होतं. भाव पडला आणि बोलणाऱ्यांची तोंडं सुटली. एका बारशाला तर आमचे एक मामा सगळ्यांसमोर म्हणाले, "अण्णांनी भाव पाडला म्हणे. कुणासाठी पाडला राव?" त्याच सुमारास अण्णाच्या स्वयंपाकघरात नवा ओटा झाला होता. माझ्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर मी सरळ विचारलं, "अण्णा, खरं सांग. तू पैसे खाल्लेस का?"

तो चिडला नाही. ताटात ओवाळणी ठेवत म्हणाला, "तू जाऊन बघून ये. कुणाच्या सांगण्यावर जाऊ नकोस, माझ्यासुद्धा."

याला काय उत्तर म्हणायचं? मला वाटलं, टाळतोय. पुढे ती जागा घ्यायलाही कुणी आलं नाही आणि विक्री बारगळली. आमच्यात तो विषय पुन्हा निघाला नाही.

दहाव्याला घाटावर एक अनोळखी माणूस मागे उभा राहून डोळे पुसत होता. वहिनी त्याला ओळखत नव्हती. जागेचा भाव ठरवणाऱ्याच्या मरणाला परका माणूस कशाला रडेल? मी त्याला बाजूला घेतलं.

"मी रफिक, ताई. दापोडीत गॅरेज हाय माझं, त्या दवाखान्यासमोर. साहेब यायचे आमच्याकडं."

"मोजमाप घ्यायला?"

"त्ये तर कधीच झालं. नंतर पन यायचे. माझ्याकडनं चहा घ्यायचे, बसायचे."

चहा? अण्णा? माझा संशय कमी व्हायचा तो दुप्पट झाला. "कशासाठी यायचे?"

"दुपारचं या ताई, दाखवतो," एवढंच तो म्हणाला.

गेल्या आठवड्यात गेले. भर दुपारी. दवाखान्याच्या पायरीवर चपला आणि कंपनीचे जाड बूट ओळीने काढून ठेवलेले. रफिकभाईंनी ओठांवर बोट ठेवून दार लोटलं. आत सतरंज्यांवर माणसं झोपली होती, तोंडावर टॉवेल टाकून.

"समदे नाईटवाले," ते कुजबुजले. "घर म्हंजे एक खोली. बायकापोरं, टीव्ही, कुकरच्या शिट्ट्या. झोपायचं कुठं? साहेब पयल्यांदा आले तवा दारातच थबकले. म्हनले, बंद जागेची कडी गंजायला पायजे, ही चकाकते कशी? आन् मग आत बघून दार हळूच लोटून घेतलं."

अण्णाने दिसलं तेवढंच लिहिलं, की विक्री बारगळावी म्हणून लिहिलं? हा संशय मला अजून आहे, आणि तो फिटावा असं मला वाटतही नाही.

निघताना मीच दार ओढून घेतलं. जुनं, जड दार... लोंबती कडी फळीवर आपटणार म्हणून मी ती पटकन धरायला गेले, आणि हाताला काहीतरी मऊ लागलं. सायकलच्या ट्यूबची पट्टी. वर तारेचा पीळ. मी बोटाने चाचपलं, तारेचं टोक आत दुमडलेलं होतं.

हात काढून घेतला. कडी दारावर आपटली, पण आवाज झाला नाही. आत कुणीतरी कूस बदलली आणि पुन्हा घोरू लागलं.

अण्णा, मी बघून आले रे.