वन्संचा आडोसा

फोन आला तेव्हा मी डहाणूच्या कचेरीत दाखल्यांवर शिक्के मारत होते. चिखल्याहून शेजारच्या मंजूबेन बोलत होत्या. माझ्याशी एरवी मराठीत बोलणारी ती बाई त्या दिवशी गुजरातीत म्हणाली, "मेघाबेन, जल्दी घेर आवो," आणि पुढचं काही विचारायची मला गरजच पडली नाही. रिक्षाने घरी पोचले तर वन्सं पडवीतल्या खुर्चीत तशाच बसलेल्या. चष्मा डोळ्यांवर, मांडीवर अर्धी निवडलेली मेथी. जेवण करून भाजी निवडायला बसल्या आणि बसल्या जागीच गेल्या... त्याला आता सहा आठवडे झाले. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण, कुसुम. त्रेसष्ट वर्षांची, उंच, काटक बाई. नणंद-भावजयीचं आमचं नातं चारचौघांसारखंच, थोडं मायेचं, थोडं तिखट होतं. त्यांच्याबद्दल लिहिताना मला जे वाटतंय त्यात दुःखापेक्षा अचंबाच जास्त आहे, आणि तो का, तेच सांगायचंय.

वन्संनी लग्न केलं नाही. तलासरीच्या पूर्वेकडे डोंगराळ भागात या भावंडांचं मूळ गाव, भाताची आणि नागलीची शेती. तिथल्या पाड्यापाड्यांवर त्यांनी जवळजवळ तीस वर्षं सायकलवरून टपाल वाटलं. निवृत्त झाल्यावर आमच्याकडे चिखल्याला राहायला आल्या, सायकलही सोबत आणली, आणि वर्षभरातच हृदयाची एक झडप नीट चालत नसल्याचं निघालं. वापीच्या डॉक्टरांनी रस्त्यावरची सायकल बंद केली. ऊन नको, खड्डे नकोत. घरात हलका व्यायाम चालेल, पण नाडी एकशे तीसच्या वर जाता कामा नये. वन्सं शांतपणे ऐकून घेत होत्या. घरी येऊन त्यांनी सायकल पुसली, तिच्यावर जुनं धोतर टाकलं आणि महिनाभर तिच्याकडे पाहिलंही नाही.

त्या दिवसांत मला शर्यतींचं वेड लागलं होतं. घरात बसून करायच्या शर्यती. सायकलचं मागचं चाक काढून ती एका यंत्रावर बसवायची, यंत्र ॲपला जोडायचं, समोर पडद्यावर रस्ता दिसतो आणि त्यावर आपल्या नावाची एक बाहुली सायकल चालवते. पडद्यावर चढ आला की इकडे पेडल जड होतं. दर रविवारी सकाळी नाशिक, पुणे, कोल्हापूर कुठून कुठून पन्नासेक बायका आपापल्या घरून या शर्यतीत उतरायच्या. मी पहिली दहा मिनिटं वाघासारखी सुटायचे आणि उरलेला पाऊण तास एकटीच धापा टाकत शेवटून तिसरी यायचे. मधेच लाइट गेली तर तेवढंही नाही.

वन्सं बाजूला बसून वाल सोलत हे पाहायच्या. तीन-चार रविवार काही बोलल्या नाहीत. मग एकदा म्हणाल्या, "मेघा, त्या पडद्यावर वारा आहे का गं?"

"म्हणजे?"

"त्या घोळक्यातल्या बायका तुझ्यापेक्षा कमी जोर लावतायत. आकडे दिसतायत की बाजूला. तरी तुझ्या बरोबरीने जातायत. म्हणजे कुणीतरी पुढे वारा कापतंय."

मी थक्क झाले. ॲपमध्ये खरोखरच तसा हिशेब असतो, दुसरीच्या मागे राहिलं की तेवढ्याच वेगाला कमी जोर लागतो. मी ते वाचलं होतं, पण वापरता मला कधी आलं नव्हतं. वन्संनी ते वाचलेलं नव्हतं. समोरून वारा असला की त्या पेंढ्याच्या ट्रॅक्टरमागे सायकल धरून मैलच्या मैल काढायच्या, तेवढं त्यांना पुरलं. त्याला त्या आडोसा म्हणायच्या. मग पुढच्या रविवारपासून वाल सोलता सोलता सूचना सुरू झाल्या. सुरुवातीला दोन मिनिटं सगळ्या जीव तोडून पळतात, तेवढं सोस, नंतर त्या आपोआप थंडावतात. घोळक्याच्या मधे राहा. इथे ब्रेक नाही, जास्त जोर लावलास तर नकळत सगळ्यांच्या पुढे जाशील आणि फुकट वारा खाशील. चढ दिसायच्या आधीच पाय थोडा दाब, यंत्राला कळायला वेळ लागतो. आणि माथ्यावर सैल पडू नकोस. "चढ संपला असं आपल्या पायांना वाटतं," त्या म्हणायच्या, "पुढच्या बाया तिथेच पळतात."

मी नवं यंत्र घेतलं तेव्हा जुनं त्यांच्या सायकलला लावून दिलं. छातीला नाडी मोजायचा पट्टा बांधला आणि बजावलं, एकशे तीस. त्या हसल्या. पहिल्याच शर्यतीत त्या घोळक्यात अशा मिसळल्या की मला पडद्यावर त्यांचं नाव शोधावं लागलं. उतारावर पाय थांबवून दुसऱ्यांच्या आड नुसत्या वाहत जायच्या. चढावर घोळक्याच्या पुढच्या टोकाला सुरुवात करायच्या आणि हळूहळू मागे सरकत माथ्याला बरोबर शेवटच्या बाईच्या मागे असायच्या, म्हणजे सुटायच्या नाहीत आणि दमायच्याही नाहीत. पंचविशीतल्या पोरी त्यांच्या दुप्पट जोर लावून त्यांच्याच बरोबर पोचायच्या. नाशिकच्या एकीने मला विचारलं होतं, या कुसुमताई कोण, पूर्वी देशाकडून खेळायच्या का?

गेल्या मोसमाची शेवटची शर्यत मला अजून मिनिटामिनिटाने आठवते. पहिल्या दहात यायची माझी तीन वर्षांची इच्छा होती आणि त्या दिवशी पाय चांगले होते. अर्ध्या वाटेवरचा मोठा चढ मी पुढच्या घोळक्याबरोबर चढले. माथा आला, घसा कोरडा पडला होता, मी बाटली उचलली... आणि बस, तेवढंच. पाणी पिऊन वर पाहिलं तर सगळी नावं पुढे निघून गेली होती. सात सेकंद, नऊ, अकरा. एकटीला वारा. पाय दगडासारखे झाले.

"वन्सं, मी गेले," मी म्हटलं.

त्या माझ्या शेजारी, हातभर अंतरावर होत्या, आणि पडद्यावर माझ्या फर्लांगभर पुढे, घोळक्यात सुरक्षित.  त्यांच्या पेडलचा आवाज थांबला. पडद्यावर त्यांचं नाव घोळक्यातून सुटलं, मागे मागे आलं आणि माझ्यासमोर थांबलं.

"आडोशाला बस," त्या म्हणाल्या. "पुढे येऊ नकोस, नाहीतर दोघींनाही वारा लागेल. माझ्या चाकाकडे बघ."

मग त्यांनी जे पेडल मारलं... पडवीतली फरशी थरथरत होती. मी खाली मान घालून फक्त त्यांच्या बाहुलीचं मागचं चाक बघत राहिले. दोनेक मिनिटांनी वर पाहिलं तर आम्ही घोळक्यात होतो. शेवटच्या पळापळीत मी नववी आले. वन्संनी तिथे पाय सोडून दिले. मी ओरडत होते, जोर लावा, जोर लावा, आणि त्या आरामात एकोणिसाव्या आल्या. मला राग आला. "पाचात आला असतात तुम्ही! का सोडलंत?"

"पाचात येऊन काय करू?" त्यांनी पदराने तोंड पुसलं. "नववी आलीस ना? चहा टाक."

त्यानंतर तीन आठवड्यांनी त्या गेल्या.

तेराव्यानंतर त्यांचं ॲपवरचं खातं बंद करायला बसले. तिथे प्रत्येक शर्यतीची नोंद असते, नाडीचीही. मी एकेक उघडत गेले. दोन वर्षांतल्या सगळ्या शर्यती, चढ, पळापळ, आणि नाडीची रेघ दर वेळी एकशे तीसच्या खाली. एकशे अठ्ठावीस, एकशे एकोणतीस, आणि तिथून परत. पाचात येणं, जिंकणं, माझं ओरडणं, कशानेही ती रेघ वर गेली नव्हती. फक्त एकदा गेली होती. शेवटच्या शर्यतीत, माथ्यानंतर, दोन मिनिटं. एकशे चोपन्न.

मी ती नोंद घेऊन वापीला गेले. डॉक्टर म्हणाले, त्या दोन मिनिटांनी काही झालेलं नाही, झडप आधीपासूनच थकत आली होती, मनाला लावून घेऊ नका. मी मान हलवली. विश्वास ठेवायचा प्रयत्न करते. जमतं असं नाही.

घरी आल्यावर ह्यांना ती रेघ दाखवली. ह्यांनी आमच्या शर्यती कधी धड पाहिल्या नव्हत्या. बराच वेळ त्या उंचवट्यावर बोट ठेवून बसले.

"इथे काय झालं?"

"इथे मी मागे पडले होते."

 मग हे म्हणाले, "शाळेतून येताना आमच्यात मी सगळ्यात लहान. बाकीची पोरं पुढे पळायची. ताई तेवढी माझ्यासाठी नदीपाशी उभी असायची..." आणि उठून आत गेले.

खातं मी बंद केलं नाही. रविवारी सकाळी अजूनही पडवीत सायकलवर बसते. दोन सायकलींच्या मधे आमचा एकच टेबलफॅन आहे. तो मी फिरताच ठेवते. माझ्याकडे वारा येतो, मग फॅनचं तोंड वळतं आणि तेवढाच वेळ शेजारच्या रिकाम्या सीटवर वारा घालतं. त्या वेळात मला चांगलाच घाम फुटतो. पण फॅन एका बाजूला अडकवून ठेवायला अजून हात धजत नाही.